सासुरवाडीच्या तळ्यातले बांबू

दिघोरीहून सासुरवाडीले, सानगडीले निघालो तवा खिशात दोन मुठी चिंचोके होते. मले लिहिता येत नाय, म्हणून अभ्यासाले आलेल्या बाईनं सांगितलं, "मातीत तळं काढा, त्यात घरागणिक एक चिंचोका ठेवा. कोण कुठं मासे धरतं, ते लोकांनाच विचारा." बाई समुद्राकडची. तिकडं माशांसाठी पाण्याचा तुकडा निशाणं लावून राखीव केला, पण कोळ्यांना कोणी विचारलंच नाय. त्यांनी निशाणाचे दोर कापले. सानगडीच्या तळ्यात मरळ कमी होऊन राहिली होती. यंदा पिल्लं वाचली नाय, तर पुढं जाळं कोरडंच. म्हणून मरळीची जागा राखाचीच, असं ठरवून निघालो.

साकोलीले एसटीत कळलं, खिसा फाटका. कंडक्टर म्हणे, "काय गा, गाडीत चिंचा पेरून राहिला का?" सीटखाली लोळून चिंचोके येचले.

सानगडीत जावई म्हणून खाटेवर बसवलं. झिंग्याचा रस्सा दोनदा मागून खाल्ला. मंग मातीत तळ्याचा नकाशा काढला. माणसांनी चिंचोके मांडले अन् म्हनले, "देवळाकडचा उथळ कोपरा राखा, तिथं कोणी जात नाय." मी तिथं बांबू रोवले. शेवटच्या बांबूसंगं मीबी चिखलात रोवलो गेलो.

सकाळी पाहतो, तर सासूच बांबू उपटून राहिली!

"मामी, काहून?"

"काल झिंगे चाटून खाल्ले, जावईबापू. ते का आभाळातून पडले? आमची जागा हाय ही!"

"पण माणसं तर म्हनत—"

"माणसं डोंग्यात (नावेत) बसते. गुडघाभर पाण्यात आमी उभ्या रायतो. मरळ पिल्लं घेऊन तिकडं फिरते, देवधानात (तळ्यात आपोआप उगवणारं धान). आमाले इचारलं कोणी?"

जावयानं चुलीपाशी जायचं नाय, हा आमचा रिवाज. तो पाळता पाळता मी अर्धं गाव इचाराचं इसरलो होतो. मंग मान खाली घालून चुलीपाशीच बसलो. बाया हसत होत्या, पण एकेक चिंचोका ठेवून गेल्या. माणसांले पुन्हा बोलावलं. भांडण झालं, मी उठलो नाय. दुपारी बांबू देवधानाभोवती रोवले. सासूनं आपल्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या त्यांले बांधल्या अन् म्हनली, "आता कोण काढते, पाहतो मी."

घरी आलो, बायकोले सारं ऐटीत सांगितलं. तिनं ऐकून घेतलं अन् म्हनली, "तुमी माह्या मायची जागा इचारून आले. इथल्या तळ्यात माही जागा कोणती?"

मी खिशात हात घातला. फाटक्या खिशात एकच चिंचोका अडकला होता. तो तिच्या हातात दिला अन् चुलीपाशी बसलो.