मासोळीच्या बरफावरचा लॅपटॉप

हे लिहायचा मला अधिकार आहे का, याची खात्री नाही. संगणकाबद्दल शहाण्यांनी लिहावं. मी घरातला पहिला कॉलेजात गेलेला, आणि एकाच विषयात दोनदा नापास झालेला. चुकलं तर माफ करा. माफी मागायची सवय आहे मला; लिनक्सवाल्यांच्या फोरमवर माझा पहिला प्रश्नही माफीनेच सुरू झाला होता.

तिसऱ्यांदा नापास झालो असतो तर शेवटच्या वर्षाला प्रवेश नव्हता. सरांनी सांगितलं, सगळा विषय नेटवर व्हिडिओत आहे, तिथला माणूस माझ्यापेक्षा चांगला शिकवतो. वर्षभरात त्यांनी शिकवलेली ही एकच गोष्ट परीक्षेत उपयोगी पडली.

लॅपटॉप जुना, कोणीतरी वापरून सोडलेला. दुकानदाराने त्यात संगणक चालवणारं फुकटचं लिनक्स टाकून दिलं. म्हणाला, हलकं असतं. हलकं होतंच. पण ब्राउझरमध्ये व्हिडिओ लावला की पंखा भातगिरणीसारखा घोंघावायचा, चित्र अडखळायचं आणि वीसेक मिनिटांत लॅपटॉप तापून बंद पडायचा. व्याख्यान पन्नास मिनिटांचं. प्रत्येक धड्याचा पूर्वार्ध मला पाठ झाला होता.

शोधल्यावर कळलं की व्हिडिओ उलगडायचं सगळं काम मुख्य प्रोसेसर एकटा करत होता. त्याच कामासाठी बसवलेली ग्राफिक्स चिप शेजारी निवांत होती. ब्राउझरने तिला कामाला लावायचं, याला हार्डवेअर ॲक्सलरेशन म्हणतात. इतरांकडे ते आपोआप होतं, लिनक्सवर विनवण्या कराव्या लागतात.

मी फोरमवर विचारलं. पहिला म्हणाला, आधी शोधायला शिका. दुसऱ्याने लिहिलं, माझ्याकडे चालतं. तिसऱ्याने नवा लॅपटॉप घ्यायला सांगितलं, जणू मी घ्यायचा विसरलो होतो. मग कोणतं लिनक्स चांगलं यावरून दोघांची जुंपली. आमच्याकडे लग्नात जात विचारतात, तिथे लॅपटॉपची विचारतात. माझा प्रश्न त्या वरातीत कुठे हरवला ते कळलं नाही. मी चिप चालवणारे ड्रायव्हर टाकले, ब्राउझरच्या आतल्या साऱ्या कळा फिरवल्या. तपासणीत उत्तर यायचं, चिप तयार आहे. पंखा घोंघावतच राहिला.

बाबा गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात मासेमारी करतात. एका सकाळी त्यांनी लॅपटॉपवर हात ठेवला.

"काहून तापून राहिला हा एवढा?"

मी चिप, ड्रायव्हर, सगळं समजावलं. त्यांनी बरफाच्या पेटीकडे बोट दाखवलं.

"मासोळी खराब होते तं बरफ लावतो ना आपण. यालेही लाव."

थर्माकोलच्या पेटीतल्या बरफावर परात पालथी घातली, तिच्यावर कोरडं पोतं, त्यावर लॅपटॉप. फोरमवरच्या साऱ्या विद्वानांना जे जमलं नाही ते परातीने केलं. चित्र अडखळायचंच, पण व्याख्यान शेवटपर्यंत जायचं. कॉलेजात मी बॅग उघडली की मासोळीचा वास सुटायचा आणि मित्र विचारायचे, "आज कोणता धडा आणला बे, रोहू का कतला?"

ज्या दिवशी दोन धडे व्हायचे, त्या दिवशी मासोळीला बरफ कमी पडायचा. ती दुपारच्या आत नरम पडायची आणि बाजारात विकायला बसलेली माय उरलेली घरी परत आणायची. मला कोणी काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

परीक्षा देऊन आल्यावर दोन आठवड्यांनी फोरमवर एका अनोळखी माणसाचं उत्तर आलं. त्याने लिहिलं होतं की तुमची चिप जुनी आहे, तिला व्हिडिओचा जुनाच प्रकार उलगडता येतो. साइट नव्या प्रकारात पाठवते, म्हणून ब्राउझर गुपचूप सगळं काम प्रोसेसरवर टाकतो. साइटकडे जुना प्रकार मागणारी एक छोटी जोडणी, म्हणजे एक्स्टेन्शन, ब्राउझरला लावा.

दोन मिनिटं लागली. पंखा गप्प, चित्र तेलाच्या धारेसारखं. चिप पहिल्या दिवसापासून तयार होती. तिला समजेल अशा रीतीने कोणी सांगितलंच नव्हतं. इंग्रजी पुस्तकापुढे तीन वर्षं बसलेल्या मला हे आधी सुचायला हवं होतं.

बरफ फुकट गेला, हे बाबांना सांगायची हिंमत झाली नाही.

निकाल त्यानंतर महिन्याने लागला. मित्राचा फोन आला तेव्हा मी पाण्याच्या काठावरच होतो. बाबा डोंगा काठाला लावत होते. पास झालो, म्हणून सांगितलं. त्यांनी जाळं खाली ठेवलं.

"बरं झालं. आता बरफ मासोळीलेच राहू देजो."