पॉलिशचं मशीन आणि वरातीची गाडी

गाडी धुऊन पाणी निथळलं की मी डोळे मिटून बोनेटवरून तळहात फिरवतो. डोळ्यांना जे दिसत नाही ते तळहाताला कळतं. वाळलेल्या खळीचे खरबरीत ठिपके, हारांतल्या तारांनी ओढलेल्या बारीक रेघा, हळदीच्या हातांचा चिकट थर आणि मडगार्डवर चढून नाचलेल्या कुणाच्या तरी टाचेचा ओरखडा. सरलेली अख्खी लग्नसराई तिथे उमटलेली असते. मग मस्तकात जी तिडीक उठते ती बादलीभर गार पाण्यानेही जात नाही.

पलूसला आमच्या आळीत मोटार एकच, आणि ती माझी. औषधांच्या दुकानाने हात दिला तेव्हा साताऱ्याच्या एका डॉक्टरांची जुनी काळी ॲम्बॅसेडर मी घेतली. घेतली मी, पण झाली ती सगळ्यांची. कुणाच्याही घरी लग्न ठरलं की मंडप, वाजंत्री आणि माझी गाडी या तीन गोष्टी गृहीतच असतात. विचारायला येणारा माणूस खरं तर सांगायलाच आलेला असतो. काचेवर नवरा-नवरीची नावं खळीने चिकटवतात, बोनेटवर झेंडूची जाळी तारेने आवळतात. गाडी परत येते तेव्हा तिच्याकडे बघवत नाही. यावर बोलावं तर माणूस कोता ठरतो. पत्र्यापेक्षा माणसं मोठी, हे मलाही कळतं. पण कळलेली गोष्ट सोसताना राग का येऊ नये?

गुरुवारी दुकान बंद असतं. तो सबंध दिवस मी गाडीपाशी असतो. रबिंगचा लेप फडक्यावर घेऊन गोल गोल घासत राहायचं. खांदे भरून येतात, आणि संध्याकाळी वीतभर पत्र्यात आभाळ दिसू लागतं. त्या वीतभर आभाळासाठी मी काय काय ऐकलं आहे! थोरले दादा तर तोंडावरच म्हणतात, "ऊस हाय, दुकान हाय, आन् ह्यो गडी डायवरासारखा गाडी पुसतुया. लोकं काय म्हनतील रं?" आपल्या हाताने आपली वस्तू उजळवण्यात कुणाची अब्रू जाते, हे मला आजवर उमगलेलं नाही.

खांदा दुखू लागला तेव्हा विजेवरचं मशीन घ्यायचं ठरवलं. सांगलीच्या पेठेत फिरलो. पहिल्या दुकानात लोखंड घासायचं यंत्र पुढे आलं, त्यालाच लोकरीची गादी बसवलेली. वेग असा, की चालू करताच ते हातातून उसळी घेई. पलीकडच्या दुकानात भोकं पाडायच्या ड्रिलला गादी लावून दाखवली. किंमत खिशाला झेपणारी होती, पण तळहाताने जरा दाबलं की बिचारं रडत रडत थांबे. "आवं, घ्या वो," दुकानदार म्हणाला, "ह्यानं भोकंबी पडत्यात आन् पालिशबी व्हतं. लगीन झालेल्या मानसानं दोन कामं करनारीच वस्तू घ्यावी." मी हसलो, पण घेतलं नाही. कारण एवढ्या गुरुवारांनी मला एक गोष्ट शिकवली होती. चकाकी वरून लावायची नसते. वरचा मळका, ओरबाडलेला पापुद्रा काढून टाकायचा असतो, म्हणजे खालची चकाकी वर येते. प्रत्येक पॉलिशने रंग तेवढा पातळ होतो. म्हणून मशीन वेगाचं नको, संथ हवं. जड चालेल, जुनंही चालेल, पण हाताचा दाब सोसून एका लयीत फिरणारं हवं. स्वस्त आणि घाईचं यंत्र एका दुपारी सगळा रंग खाऊन टाकतं.

असं यंत्र कुठे मिळेल हे मला कांबळ्यांनी सांगितलं. हवालदार कांबळे, फौजेतून पेन्शनीवर आलेले, बौद्ध वस्तीत राहणारे. दम्याच्या गोळ्यांसाठी दुकानात यायचे. काउंटरवर मी मशीनचं रडगाणं लावलं होतं. ते म्हणाले, "साताऱ्याला माझ्या पलटनीतल्या गड्याचं ग्यारेज हाय. त्याच्याकडं एक जुनं धूड पडलंया. लय हळू फिरतंय म्हनून कोन घीना. माझं नाव सांगा." मी गेलो, नाव सांगितलं. गॅरेजवाल्याने चहा पाजला आणि माझ्या ऐपतीत बसेल अशा भावाला ते देऊन टाकलं. एसटीच्या टपावर बांधून ते धूड मी घरी आणलं. दुसऱ्या दिवशी साबणाने धुऊन पांढरीशुभ्र लोकरीची गादी त्याच्यावर चढवली आणि गुरुवारची वाट पाहत बसलो.

गुरुवारच्या आधीच कांबळे घरी आले. दारात उभे राहून म्हणाले, "लेकीचं लगीन धरलंया. पाव्हनं शिराळ्याचं हायीत. लेकीला सासरी सोडाय तुमची गाडी मिळाली तर बरं व्हईल. म्हनलं, इचारून बघावं."

सांगायला नव्हे, खरोखर विचारायला आलेला हा पहिलाच माणूस. मी तोंड उघडणार एवढ्यात ओसरीवरून दादा बोलले, "गाडी पालिशला काढलीया. रंग वला हाय. म्हैनाभर तरी हलायची न्हाई."

कांबळ्यांनी गाडीकडे पाहिलं. चार पावलं पुढे येऊन त्यांनी बोनेटवर बोट टेकवलं. बोटाला कोरडी धूळ लागली. शेजारी मशीन होतं, त्यांच्याच नावावर मिळालेलं, गादीला अजून डाग नसलेलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी चपलेच्या अंगठ्याकडे पाहत राहिलो.

"बरं," ते म्हणाले आणि गेले.

"असं का केलंत?" मी दादांना विचारलं, पण कांबळे गेल्यावर. दादा शांतपणे म्हणाले, "आरं, त्यांच्यात गाडी दिली तर उद्या आपल्यातली नवरी बसंल का तीत? तुझंच नुकसान हुतंय, म्हनून बोललो." म्हणजे गाडी सगळ्या गावाची होती, फक्त या एका दारासाठी ती माझी झाली! ज्यांनी तिला तारांनी ओरबाडलं ते आपले, आणि ज्याने बोट टेकवतानाही जपून टेकवलं तो परका.

गुरुवार उजाडला तरी राग उतरला नव्हता. मी मशीन चालू केलं. रंगाची, गादीची, लेपाची कसलीच वास्तपुस्त न करता दोन्ही हातांनी ते बोनेटवर दाबलं. कुणावर चिडलो होतो मी? दादांवर, हे तर खरंच. पण दादा निदान मनातलं बोलले होते. मी मनातलं झाकून चपलेकडे पाहिलं होतं. जळका वास आला तेव्हा भानावर आलो. बोनेटच्या कडेचा काळा रंग पार उडून खालचं तांबडं अस्तर उघडं पडलं होतं. संथ यंत्रानेही रंग जाळता येतो. त्याला वेग लागत नाही, एका जागी अडून बसलेला राग पुरतो.

तसाच उठलो आणि कांबळ्यांच्या घरी गेलो. अंगणात शिराळ्याच्या पाहुण्यांचा निळा टेम्पो उभा होता. ब्रशने रंगवलेला, उन्हाने पांढुरका पडलेला. मी म्हणालो, "गाडी घेऊन जा. रंग ओला नव्हता. दादा खोटं बोलले आणि मी गप्प बसलो."

"ठावं हाय," कांबळे म्हणाले. त्यांच्या पत्नी दारात तांदूळ निवडत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. "गाडी नगं आता. पाव्हन्यांनी टेम्पो आनून लावलाया. त्यास्नी परत पाठवून तुमची गाडी आनू? कशापायी?"

माफी मागायला गेलेल्या माणसाची एक लपलेली अपेक्षा असते, की समोरच्याने ती चटकन देऊन आपल्याला मोकळं करावं. त्यांनी केलं नाही. त्याचाही मला क्षणभर राग आला, आणि त्या रागाची शरम वाटली. मी वळलो तेव्हा ते मागून म्हणाले, "ते धूड चालतंय का? मग आना की हिकडं. टेम्पो लय मळलाया."

मी आणलं. रस्त्याने, सगळ्यांदेखत, खांद्यावर घेऊन. त्यांच्या खिडकीतून वायर ओढली. ब्रशचा जाड रंग मशीन सोसत होता. पांढुरका पापुद्रा निघून खालचा गडद निळा वर येत होता. कांबळे वायर हातात उचलून माझ्यामागे सरकत होते, ती पत्र्यावर घासू नये म्हणून. एक दार झालं आणि वीज गेली. हल्ली ती अशीच जाते, आणि कधी येईल ते कुणी सांगत नाही.

"ऱ्हाऊ द्या," कांबळे म्हणाले. "एक बाजू झाली. लई झालं."

घरी जायला ही पुरेशी सबब होती. अशा सबबींवर मी अर्धं आयुष्य काढलं आहे. मी मशीनची गादी सोडवली, लेपात बुडवली आणि दुसरं दार हाताने घासायला बसलो. थोड्या वेळाने पलीकडे फडक्याचा आवाज सुरू झाला. कांबळे मागचा फाळका पुसत होते.

दुपार कलली तेव्हा दादा सायकलवरून मळ्याकडे निघाले होते. त्यांनी ब्रेक दाबला, एक पाय जमिनीला टेकवला. घामाने थबथबलेल्या मला त्यांनी वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"हितं काय करतुयास?"

"वरातीची गाडी पुसतोय," मी म्हणालो.

ते तिथेच उभे राहिले, मी उठून सायकलमागे चालू लागेन म्हणून. लहानपणापासून मी तसाच उठत आलो आहे. राग तर आलाच होता. पण या वेळी तो हातात उतरला नाही. हात एका लयीत, अलगद, गोल गोल फिरत राहिला, आणि दाराच्या खालच्या कोपऱ्यातला निळा हळूहळू उजळत गेला.