भावकीची जीप

राखोलीच्या कारखान्यात माझ्याबरोबर एक खानदेशी फिटर आहे. कुणाचंही नाव निघालं की त्याचा पहिला प्रश्न, "भावकी कोणती?" मला त्याचा रागच यायचा. कँटीनच्या टीव्हीवर पॅलेस्टाइनमधल्या गावोगावच्या निवडणुकांची बातमी लागली, तेव्हाही त्याने तेच विचारलं. तिथेही पुष्कळ गावांत मोठी घराणी बसून उमेदवार ठरवतात, असं मी सांगितलं.

"म्हणजे आमचंच गाव," तो म्हणाला.

परवा गावच्या पंचायतीच्या मतदानासाठी त्याला न्यायला कारखान्याच्या फाटकाशी भावकीची जीप आली. दार धरून तो म्हणाला, "मी उभ्या राहिलेल्या शिलाईवाल्या ताईला मत देणार. बसू का?"

"ती आपल्यातली नाही," जीपमधला त्याचा चुलतभाऊ म्हणाला. "उद्या तुझ्या पोरीचं लग्न कोण जमवेल?"

"मीच."

त्याने जीपचं दार बाहेरून लावलं आणि गावाला जायला एसटी धरली.