उरलेला अर्धा शेर

वर्ष संपलं की न झालेली कामं मी नव्या वहीत उतरवून घेते. एक ओळ कित्येक वर्षं तशीच उतरत आली आहे: ‘आईला विचारणे – डब्यात सात शेर डाळ कशी मावते?’ आईला जाऊन चार वर्षं झाली. ओळ मी खोडलेली नाही.

आई तेल्हाऱ्याहून अकोल्याला माझ्याकडे यायची, ती घरच्या तुरीच्या डाळीचा स्टीलचा डबा मांडीवर घेऊन. सात शेर, काठोकाठ.

“एसटीच्या ड्रायव्हरजवळ दे ना, कशाला त्रास घेतेस?” मी म्हणायची.

“डबा मीच आनतो. तुले काय करा लागते?”

एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात घडी केलेली रिकामी कापडी पिशवी, अशी ती स्टँडवर उतरायची.

आता तोच डबा मी लेकीसाठी भरते. ती अमरावतीला भौतिकशास्त्र शिकते. तेच माप, तीच डाळ, पण माझ्या हातून अर्धा शेर उरतोच. दिवाळीच्या सुट्टीत ती घरी असताना मी डबा ओट्यावर आपटत होते.

“आई, कावून बडवून राहिली त्याले?”

“जागा होते.”

“काई नाई होत. दाणे कसेबी पडतात, एकमेकाले अडवून बसतात, मधात पोकळ्या राहतात. हळूहळू, लय वेळ हालवा लागते. मंग एकेक दाणा सरकते अन् खाली बसते.”

“लय वेळ म्हणजे?”

“दोन-तीन तास. तुह्या यादीत तेवढी जागा नाई!”

ती हसली. मला हसू आलं नाही. दोन-तीन तास म्हणजे तेल्हारा ते अकोला. आणि ती रिकामी पिशवी.

लेक परत गेल्यावर पुढच्या रविवारी मी स्वतःच अमरावतीच्या बसमध्ये बसले. डबा मांडीवर, उरलेली डाळ पिशवीत. बडनेऱ्याला झाकण उघडलं. डाळ दोन बोटं खाली गेली होती. पिशवी अलगद रिकामी केली. सगळी मावली.

“लेकीले नेऊन राहिल्या का?” शेजारच्या बाईंनी विचारलं.

“हो.”

पिशवीची घडी केली, वही काढली. उत्तर मिळालं होतं. पण लिहिलं होतं ‘आईला विचारणे’. खूण न करताच वही मिटली.