न पटलेला भाव

वडील गेल्यावर मी पुणं सोडून कनेरगाव नाक्याला आईजवळ राहायला आले आणि घरूनच काम करू लागले. काही दिवस निभलं. मग कंपनीनं हळदीच्या लिलावाचं एक जुनं सॉफ्टवेअर माझ्या गळ्यात मारलं. लिहिणारा केव्हाच सोडून गेलेला, कोडची भाषा मला परकी. हंगामाआधी ते समजलं नाही तर काम पुण्याला जाणार होतं, आणि कामापाठोपाठ मलाही जावं लागणार होतं, आईला एकटीला सोडून.

म्हणून एआयची शिकवणी लावली. हा मास्तर भारी चिवट. कोडचा एकेक तुकडा समजावायचा, त्यावर प्रश्नाचं कार्ड करायचा आणि मी विसरायच्या बेतात आले की नेमकं तेच पुढं करायचा. आधी दुसऱ्या दिवशी, मग आठवड्यानं, मग आणखी उशिरा. मी मोठ्यानं घोकायची. आई हसायची, "शाळेत होतीस तशीच हायस. पुढं पाठ, मागं सपाट."

दुपारी रस्त्यावरच्या ट्रकांचा आवाज लांब लांब जायचा, कुठूनतरी हळद उकडल्याचा वास यायचा आणि स्क्रीनवरच्या ओळी डोळ्यांपुढं तरंगू लागायच्या. मी अर्धी जागी, अर्धी झोपेत. भीती होती, तरी त्या दुपारी मला फार आवडायच्या.

एका कार्डावर मात्र गाडी अडायची. बोली लागलेल्या एखाद्या ढिगाचा भाव कोड कधीकधी पुसून टाकायचं आणि तोच ढीग उद्याच्या लिलावात मांडायचं. असं का? माझं ठरलेलं उत्तर होतं, चूक आहे, काढून टाकायची. मास्तरालाही तसंच वाटत होतं. पण त्या दुपारी त्यानं खाली एक ओळ जोडली: तुमच्या बाजारात असं कधी होतं का?

मी डोळे मिटले आणि हिंगोलीचा मोंढा, तिथला हळदीचा बाजार दिसला. मी लहान, पोत्यांवर पेंगुळलेली. व्यापारी भाव बोलला. वडिलांनी आमच्या ढिगातलं एक हळकुंड उचललं, मोडून पाहिलं, परत ठेवलं. "न्हाई पटत. माल ऱ्हाऊ द्या इथंच, उद्या बघू." मग ढिगावर ताडपत्री ओढली आणि मला म्हणाले, "नीज बाई तू. मी हाय इथं."

हे सगळं मी साफ विसरले होते. त्यांचा आवाजसुद्धा.

म्हणजे कोड बरोबर होतं. शेतकऱ्याला नाही म्हणता येतं, एवढंच त्यात लिहिलेलं होतं.

आई चहा घेऊन आली. "काहून रडून राहिलीस?"

"काई न्हाई आई. काम समजलं. आता आपण इथंच."

काम माझ्याकडेच राहिलं. कार्डंही चालू आहेत. उत्तर दिलं की मास्तर विचारतो, सोपं गेलं की अवघड? सोपं म्हटलं तर ते कार्ड महिनोन्‌महिने तोंड दाखवत नाही, अवघड म्हटलं तर दुसऱ्याच दिवशी हजर. मोंढ्याच्या त्या कार्डाचं उत्तर मला आता झोपेतही देता येईल. तरी मी रोज अवघडच सांगते.