वहिनींच्या हाताखालचा सूत्रधार

आमच्या वहिनी आठवडाभर लोकांना गाडी शिकवतात, आणि शनिवारी दुपारी त्याच ड्रायव्हिंग स्कूलच्या ऑफिसात, त्याच दरडावणीच्या सुरात, लोकांना खेळ चालवायला शिकवतात. खेळ म्हणजे टेबलाभोवती बसून खेळायची गोष्ट. एकजण सूत्रधार होतो. जंगल, राजवाडा, राक्षस, हवामान, सगळं त्याच्याकडे. बाकीचे एकेक पात्र होऊन त्या जंगलात शिरतात आणि नको तिथे नाक खुपसतात. जमलं की फसलं, ते फासे ठरवतात. "मोठी माणसं असलं खेळतात का?" असं माझा दादा विचारतो. तो दर शनिवारी दुपारभर घोरत असतो, तेव्हा मोठ्या माणसांनी काय करायचं तेही आम्हाला कळतं.

शिक्षक म्हणून वहिनी जहाल. शिकायला आलेला कोणीही असो, त्याला अरेतुरे. गाडीत त्यांच्या पायाशी जादा ब्रेक असतो, टेबलाला नसतो, याचं त्यांना फार वाईट वाटतं. मग त्या तोंडाने ब्रेक मारतात. एका शिकाऊ सूत्रधाराने राजवाड्याचे खांब, झुंबरं, पडदे सांगायला घेतले, तेव्हा म्हणाल्या, "घर विकायचंय का? लोकांना आत जाऊ दे." दुसऱ्याने आम्हाला डावीकडची वाट धरूच दिली नाही, कारण त्याने हौसेनं बनवलेला राक्षस उजवीकडे होता. "मग राक्षस उचल आणि डावीकडे ठेव," वहिनी म्हणाल्या. "त्याला काय सामान बांधायचंय?" तो परत आला नाही. असे बरेच परत आले नाहीत.

आणि मग वहिनींच्या घशात गाठ निघाली. गाठ साधीच दिसतेय, पण ऑपरेशननंतर आवाज पूर्वीसारखा येईलच असं नाही, असं सर्जन म्हणाले. गाडी काय, हातवाऱ्यांनीही शिकवता येईल, पण गोष्ट हातवाऱ्यांनी चालत नाही. ऑपरेशनच्या आधी कोणी तयार झालं नाही, तर शनिवारचं टेबल बंद, हे वहिनींनी शांतपणे सांगितलं. त्यांचा शांतपणा मी पहिल्यांदाच बघत होतो आणि मला तो मुळीच आवडला नाही.

"मी चालवतो की," मी म्हणालो.

"भावजी, तुम्ही गोष्ट सांगायला लागलात की राक्षससुद्धा जांभया देतो."

शिकाऊंपैकी टिकून उरला एक डेंटिस्ट. मऊ हात, मऊ आवाज. "अजिबात दुखणार नाही," असं तो दिवसभर म्हणतो आणि लोक दिवसभर त्याच्या खुर्चीत ओरडतात. पण सूत्रधार म्हणून गडी तयार होत होता. सगळ्यांना बोलू द्यायचा, स्वतः गोंधळला तर सगळ्यांच्या आधी हसायचा. खोड एकच. सूत्रधारापुढे पुठ्ठ्याचा आडोसा असतो. नकाशे आडोशामागे आणि फासे सगळ्यांसमोर, हा वहिनींचा नियम. डेंटिस्ट मात्र हळूच फासेही मागेच टाकायचा, आणि त्याच्या राक्षसांचा नेम सारखा चुकायचा. इतका, की मला राक्षसांचीच कीव यायला लागली होती.

ऑपरेशन मंगळवारी होतं. त्याआधीच्या शनिवारी वहिनी आमच्यासारख्याच खेळाडू म्हणून बसल्या. शेजारी मी, समोर पार्सल. पार्सल म्हणजे कुरिअर पोचवणारी मुलगी. तिला आम्ही याच नावाने हाक मारतो. वहिनींचं पात्र म्हणजे एक म्हातारी भाडोत्री सैनिक. आम्हा दोघांना पळता यावं म्हणून ती पुलावर एकटी उभी राहिली. समोरून ड्रॅगन आला. डेंटिस्टने आडोशामागे फासा टाकला, खाली बघितलं आणि मान वर केली ती थेट वहिनींच्या गळ्याकडे.

"चुकला," तो म्हणाला. "ड्रॅगनचा नेम चुकला."

खोटं बोलतोय हे कळत होतं. तरी मला हायसं वाटलं.

वहिनींनी हात पुढे केला, आडोसा उचलला आणि स्वतःच्या खुर्चीखाली ठेवून दिला. फाशावर वीस पडला होता, त्या फाशातला सगळ्यात मोठा आकडा, म्हणजे हमखास नेम.

"माझी दया येतेय होय रे तुला?" आवाज पार बसला होता, पण धार तीच.

"वहिनी, मंगळवारी तुमचं..."

"मंगळवारचं मंगळवारी बघू. घरी सगळे म्हणतात काही होणार नाही, दवाखान्यात म्हणतात काही होणार नाही. एक टेबल तरी असू दे बाबा, जिथे मला खरं सांगतील." मग त्यांनी पार्सलकडे बोट केलं. "आणि पुढच्या वेळी पुलावर ही उभी राहील. तू सगळ्यांना वाचवणारच असशील, तर तिच्या उभं राहण्याला काय किंमत?"

डेंटिस्टने चष्मा पुसला. मला वाटलं, हा आता काखा वर करणार आणि आमचं टेबल आजच मिटणार. त्याने चष्मा लावला.

"नेम लागला," तो म्हणाला. "छातीत. तुम्ही तलवार उचललीत, पण ती उचललेलीच राहिली. पूल तुमच्यासकट खाली गेला. तुम्ही मेलात, वहिनी." आवाज मऊच होता, पण त्यात एक शब्दही पुसट नव्हता. वहिनींना बोलायला त्याने जागाच ठेवली नाही. लगेच दुसरीकडे वळला. "पार्सल, ड्रॅगन आता तुझ्याकडे बघतोय. तू काय करतेस?"

पार्सल खुर्चीतून उठून उभी राहिली. तिचे डोळे भरले होते आणि नाकपुड्या फुगल्या होत्या. "मी पळत नाही," ती म्हणाली, आणि फासा टेबलाच्या मधोमध आपटला.

पुढे काय झालं ते सांगायला लागलो तर वहिनींचं म्हणणं खरं ठरेल. एवढंच सांगतो, की संध्याकाळपर्यंत कोणी घड्याळ पाहिलं नाही. डेंटिस्टने फासे उघड्यावर टाकले, मलाही जवळजवळ मारलंच, आणि एकदाही वहिनींकडे परवानगीसाठी बघितलं नाही.

ऑफिसला कुलूप लावताना वहिनी म्हणाल्या, "बघितलंत भावजी? मी मेले, आणि नंतर एकानेही माझ्याकडे ढुंकून पाहिलं नाही!" हे त्या इतक्या आनंदाने सांगत होत्या की मला रडू फुटलं, आणि मी ते शिंक म्हणून खपवलं.