बेचाळीस अक्षरांपलीकडे

रावेरच्या केळी पॅकिंग केंद्रातून आमच्याकडे येणाऱ्या काही नोंदी मध्येच तुटत, आणि तुटलेली नोंद हमखास अक्कांची असे. अक्का तिथल्या मुकादम, माहेर धुळ्याकडचं. गाडी भरली की टॅबवर मालाचा शेरा लिहून पाठवणं त्यांचं काम. केंद्राच्या ठेकेदाराने ठरवूनच टाकलं होतं: बाईंना जमत नाही, टॅब दुसऱ्याला देतो.

मी पिंप्राळ्यातल्या एका छोट्या सॉफ्टवेअर ऑफिसात नवा होतो. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच, त्यामुळे ‘जमत नाही’ हे शब्द मला अजूनही लागतात. मी अक्कांना फोन केला. त्या चिडल्या नव्हत्या, दुखावल्या होत्या.

“भाऊ, मी बठ्ठं खरं लिखेल शे,” त्या म्हणाल्या. “आते कमी काय लिखू?” सगळं खरंच लिहिलंय, तर आता त्यातलं कमी काय करू, हा त्यांचा प्रश्न होता.

बाकीचे मुकादम इंग्रजीत ‘ओके’ लिहून मोकळे होत. अक्का लिहीत, ‘खालच्या थरातल्या फण्यांना पिवळी झाक आहे, त्या आधी उतरवा.’

आमच्या पद्धतीत प्रत्येक मजकुराआधी त्याची लांबी जाते. एकशे सत्तावीस बाइटपर्यंतची लांबी एकाच बाइटमध्ये लिहायची. त्यापुढे नियम बदलतो: पहिला बाइट लांबी सांगत नाही, ती पुढच्या किती बाइटांत लिहिली आहे एवढंच सांगतो. टॅबवरचा जुना प्रोग्राम मात्र सरसकट एकच बाइट लिही. आमचा सर्व्हर तो बाइट नियमाने वाची, गोंधळे आणि नोंद तिथेच तुटे. मराठीतलं एकेक अक्षरचिन्ह, काना-मात्राही, तीन बाइट घेतं. बेचाळीस झाली की मर्यादा संपली. ‘ओके’ला तिथवर पोचायचं कारणच नव्हतं.

आमच्या ऑफिसचे सर म्हणाले, शेऱ्याच्या चौकटीलाच मर्यादा घाल, अक्कांचे निबंध थांबतील. उपाय सोपा होता, दहा मिनिटांचा. मी तो पिवळ्या फण्यांचा शेरा त्यांच्यापुढे ठेवला आणि यातलं काय कापू, असं विचारलं. त्यांनी तो दोनदा वाचला.

“काही नको,” ते म्हणाले. “लिहिणारा प्रोग्राम दुरुस्त कर.”

नवा प्रोग्राम टॅबवर गेला आणि अक्कांचा शेरा पहिल्यांदा पूर्ण आला. मी ठेकेदाराला फोन करून चूक आमच्या प्रोग्रामची होती, असं सांगितलं.

त्याने विचारलं, “म्हणजे बाईंचं बरोबर होतं?”

“हो.”

“टॅब राहू द्या मग तिच्याकडे. पण तिला तुम्हीच सांगा. मला ते नीट सांगता यायचं नाही.”

मी लगेच अक्कांना फोन लावला.